करवीरचीं माणसें आणि आपलीं मुलें
(शाळेच्या बक्षीस समारंभांत केलेलें भाषण)



मोठीं माणसें मोठ्या घरांतच जन्मतात, असें पुष्कळ काळ आपल्या मनावर ठसविलें गेलें. तें कितपत खरें, हें करवीर संस्थानच्या माणसांकडे पाहून ठरवूं.

राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०२ सालीं रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांसाठीं राखल्या. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मूल शाळेंत न धाडणाऱ्या बापास दंड! रयतेवरच्या रागानें नव्हे. पोर घरीं ठेवल्याचा तोटा दंडाहून मोठा, हें महाराज जाणून होते.

याच संस्थानांत कुंभोज गांवीं १८८७ सालीं भाऊराव पाटील जन्मले. कोल्हापुरांत शिकत असतां ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर स्नान करण्यास सांगितलें, तें त्यांनीं साफ नाकारलें आणि राहती जागा गमावली. पुढें १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस जेवूं लागलीं. पैसा संपला तेव्हां पत्नी लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले.

दुसरे बाबूराव मेस्त्री, ज्यांस लोक बाबूराव पेंटर म्हणत. घर कारागिराचें, शाळा थोडी. पण हातांत कसब. चित्रपटाचा कॅमेरा त्यांनीं कोल्हापुरांतच घडविला व १९२० सालीं ‘सैरंध्री’ काढला. १९२५ च्या ‘सावकारी पाशां’त सावकारानें नाडलेला शेतकरी त्यांनीं पडद्यावर आणला.

मग कुणब्या-सुताराच्या पोरास अक्कल नाहीं, हें कोणीं ठरविलें? अक्कल घरांत होतीच. दार बंद होतें.

आतां आपल्या गांवाचें बोलूं. दिवाळी सरली कीं आमच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. मुलगा ऊसतोडीस जातो. मुलगी धाकटें भावंड सांभाळते. पोटाची अडचण आम्ही जाणतों; आम्हीहि अशाच घरांतले. पूर्वीं दुसऱ्यांनीं आपणांस शिकूं दिलें नाहीं, हें खरें. पण आज मुलीचें दप्तर खुंटीस टांगणारा हात कोणाचा?

येत्या सोमवारीं घरीं राहिलेलें प्रत्येक मूल शाळेंत आणून सोडा. आधीं मुलीस आणा. अडचण असेल तर आम्हांस सांगा. मिळून वाट काढूं.

सत्याचा जय असो.