नववीचे दार



पत्रिकेवर ‘शहरातील सरकारी आणि खासगी हायस्कुले’ असा विषय छापलेला असल्यामुळे, एका पारड्यात महानगरपालिकेची शाळा आणि दुसऱ्यात खासगी शाळा घालून मी निवाडा द्यावा अशी आपली अपेक्षा असणार. परंतु माझ्या मते सुरतेतील हा सारा वाद आठवी आणि नववी या दोन इयत्तांच्या मध्ये अडलेला आहे. आणि मी जेथे जातो तेथे हेच सांगत असल्यामुळे, आयोजकांनी विषय कोणताही दिला तरी फारसे बिघडत नाही. (हशा)

वुडचा 1854 चा शिक्षणविषयक खलिता, खासगी शाळांची अनुदानपद्धती, 1947 चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा, हे सारे आपणांस अवगत आहेच. आपल्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा सात भाषांतून चालतात आणि त्यांत मराठी आहे, म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने आलेल्या माणसांची मुले येथे आपल्या भाषेत विनामूल्य शिकतात. मात्र 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचा हक्क वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंतचा, आणि खासगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांची सवलतही आठवीबरोबरच सरते. पुढे महानगरपालिकेची सुमन हायस्कुले आहेत, अनुदानित शाळा आहेत. तेथे जागा न मिळाली तर खासगी शाळा, जिला माध्यमिक वर्गांसाठी 25,000 रुपयांहून अधिक शुल्क घ्यायचे तर गुजरातच्या 2017 च्या शुल्कनियमन कायद्यान्वये शुल्क समितीपुढे जावे लागते. पंचवीस हजार! लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करणाऱ्यास ही मर्यादा म्हणजे दिलासा वाटावा, असे कायदा करणाऱ्यांना वाटले असेल.

एक हकीकत सांगतो, थोडक्यात. नंदुरबारकडचा एक मुलगा आठवी उत्तीर्ण होऊन बापाकडे आला. शाळा सोडल्याचा दाखला होता, गुणपत्रक होते. परंतु दाखला परराज्यातला, आणि त्यावर तिकडील शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी नव्हती. कारकुनाने कागद परत दिला. नियमाप्रमाणे त्याचे चुकले असेही नाही. बाप पाळी बुडवून गावी गेला, तर साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेला, तर मुख्याध्यापकांचा शिक्का पुसट. तोवर पोरगा रिकामा कशाला बसवायचा, म्हणून त्याला साड्यांच्या धागाकटिंगला लावले. सही मिळाली तेव्हा प्रवेशाची मुदत सरली होती, आणि पोराच्या हाती पहिला पगार आला होता. पुढच्या वर्षी बापाने शाळेचे नाव काढले, तेव्हा आईनेच घरभाड्याचा हिशेब मांडला. ती माउली दुष्ट नव्हती हो. तिचा हिशेब बिनचूक होता, आणि मला राग येतो तो त्या बिनचूकपणाचा... ‘थोडक्यात’ म्हणालो होतो, नाही का? (हशा)

मी खासगी शाळांचा वैरी आहे असा प्रवाद आहे. आपल्यापैकी कोणाची मुले कोठे शिकतात, हे हात वर करवून मी विचारणार नाही. न उठलेले हात मोजण्याचा प्रसंग उभयपक्षी टाळलेला बरा. (हशा) विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी 1880 साली पुण्यात काढलेले न्यू इंग्लिश स्कूल खासगीच होते. त्यासाठी विष्णुशास्त्र्यांनी सरकारी नोकरी सोडली. खासगी प्रयत्नात लोकहित असू शकते, एवढे मला मान्य आहे. परंतु 1821 साली अमेरिकेतील बोस्टन शहराने महाविद्यालयात न जाणाऱ्या, व्यापारात आणि कारागिरीत पडणाऱ्या मुलांकरिता सार्वजनिक खर्चाने हायस्कूल उघडले. कारखान्यांच्या या शहराने, ज्याच्या पांडेसरा भागातील चिमण्या आपणांस येथे बमरोलीतूनही दिसतात, तेवढेच करावे, वस्ती तेथे नववी, असे मी म्हटले, तर त्यात अतिरेक कोणता?

गुजराती विषयाचे, मराठी पाठ्यपुस्तकांचे, शिक्षकभरतीचे असे बरेच बोलायचे होते. पण अध्यक्ष घड्याळ दाखवीत आहेत, आणि मागच्या रांगांतील मंडळी रातपाळीसाठी उठू लागली आहेत. त्यांनी अवश्य निघावे. फक्त उन्हाळ्यात गावी जाऊन पुतण्याला किंवा भाच्याला इकडे आणणार असाल, तर दाखल्यावरची ती सही तिकडूनच घेऊन या, आणि शिक्का उजेडात धरून पाहा.