अपुरी बासरी : चिनी वेळुवाद्याची घडण आणि साधना



सतार घडविणारा कारागीर वेगळा आणि ती वाजविणारा कलावंत वेगळा, ही विभागणी संगीतप्रेमींच्या अंगवळणी पडलेली आहे. चीनमधील आडव्या बासरीच्या बाबतीत मात्र ही सीमारेषा बरीच पुसट होते. ‘दिझी’ या नावाने ओळखली जाणारी ही बांबूची बासरी कारागिराच्या हातून निघते ती अपुरीच, आणि ती पुरी करण्याचे काम वादकाकडे कायमचे राहते. हे अपुरेपण दोष मानावयाचे की त्या वाद्याचे प्राणतत्त्व, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

भारतीय बासरीप्रमाणेच दिझीलाही सुरांची सहा छिद्रे असतात. पण फुंकरीचे छिद्र आणि सुरांची छिद्रे यांच्या दरम्यान तिला आणखी एक छिद्र असते, आणि ते उघडे ठेवावयाचे नसते. पाणथळ जागी वाढणाऱ्या नळ नावाच्या गवताच्या कांडीत, पोकळीला लगटून, एक अतिशय तलम पापुद्रा असतो. तो अलगद काढून या छिद्रावर चिकटवितात. त्याला ‘दिमो’ म्हणतात. फुंकर आत शिरली की दिमो थरथरतो आणि सुराला एक झळाळती, किंचित झणझणीत धार येते. कंगव्यावर पातळ कागद धरून गाणारी मुले नकळत याच तत्त्वाचा उपयोग करीत असतात.

हा पापुद्रा चिकटविणे हीच विद्यार्थ्याची पहिली परीक्षा. त्यासाठी परंपरेने गाढवाच्या कातड्यापासून केलेला सरस वापरतात. लसणाच्या पाकळीचा रसही चालतो. पापुद्रा ताणून गुळगुळीत बसविला तर सूर मुका होतो, सैल राहिला तर नुसता फरफरतो. त्यावर बासरीच्या लांबीला आडव्या अशा बारीक, सारख्या चुण्या पडाव्या लागतात. शिवाय दमट हवेत तो ढिला पडतो आणि कोरड्या हवेत आवळतो. काल उत्तम वाजलेली बासरी आज रुसते, ती यामुळेच.

कारागिराच्या वाट्याचे कामही काही सोपे नाही. झेज्यांग प्रांतातील ‘कडू बांबू’ दिझीसाठी नावाजलेला आहे. हांगचौजवळच्या चुंगथाई परिसरात त्यापासून बासऱ्या घडविण्याचा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर चालतो. थंडीत, बांबूतील रस कमी असताना, तो तोडतात आणि दीर्घकाळ वाळू देतात. मग शेकून त्याचा बाक काढतात, आतील पेरांचे पडदे फोडून नळी साफ करतात, चिरू नये म्हणून बाहेरून दोऱ्याचे पट्टे आवळतात. छिद्र आधी लहान पाडून, कानाने ऐकत ऐकत रुंद करीत नेतात. छिद्र रुंदावले की सूर चढतो. चढलेला सूर उतरविणे मात्र जिकिरीचे. हेनान प्रांतातील ज्याहू येथे १९८० च्या दशकात झालेल्या उत्खननात क्रौंचजातीय पक्ष्याच्या हाडापासून केलेल्या, सात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या बासऱ्या मिळाल्या. त्यांपैकी एकीच्या सातव्या छिद्राशेजारी एक इवलेसे जादा छिद्र आहे. सूर दुरुस्त करण्यासाठीच ते पाडले असावे, असे अभ्यासक मानतात. एवढ्या प्राचीन काळीही कोणी तरी कान लावून बसले होते तर!

सुरांच्या शुद्धतेचा ध्यास चीनमध्ये जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील ‘ल्यू-शी छुन-छिउ’ या ग्रंथातील कथेनुसार पीतसम्राटाच्या आज्ञेवरून लिंग लुन याने वेळूच्या नळ्या कापून बारा स्वर सिद्ध केले. पुढे मिंग राजकुलातील चू झाईयू याने १५८४ च्या सुमारास सप्तकाचे बारा समान भाग गणिताने काढले. नळीच्या लांबीबरोबर तिचा व्यासही बदलावा लागतो, हे त्याने ओळखले होते.

जुन्या दिझीवर मात्र सहाही छिद्रे सारख्या अंतरावर असत. परिणामी काही सूर थोडे चढे, काही थोडे उतरे. ते जागेवर आणण्याचे काम वादकाची फुंकर आणि अर्धवट झाकलेले छिद्र करी. त्या मोबदल्यात एकाच बासरीवर अनेक आधारस्वर धरता येत. विसाव्या शतकात मोठे वाद्यवृंद उभे राहिले आणि छिद्रे मोजून पाडलेल्या, पितळी सांध्याने लांबी जुळविता येणाऱ्या बासऱ्या रूढ झाल्या. नवशिक्याची त्यामुळे मोठी सोय झाली यात शंका नाही. पण प्रत्येक आधारस्वराला वेगळी बासरी आली, आणि बोटाने, श्वासाने सूर शोधण्याची सक्ती संपली. ही हानी लहान मानू नये.

शिक्षणाच्या दोन धारा आहेत. उत्तरेकडील आखूड, तीव्र आवाजाच्या ‘बांगदी’त जिभेचे जलद आघात आणि सुरांवरून घसरत जाणे यांवर भर असतो, फंग झछुन (१९०४–१९८७) हे या धारेचे अग्रणी. दक्षिणेतील लांब ‘छूदी’ सूचौ परिसरातील खुन्चू नाट्यगायनाला साथ करते. तिच्यात लांब श्वास आणि बोटांच्या नाजूक हालचालींनी घातलेले अलंकार महत्त्वाचे. दक्षिणी शैलीतील शांघायचे लू छुनलिंग (१९२१–२०१८) यांचे वादन ऐकले की हा भेद व्याख्येशिवाय कळतो. चाव सुंगथिंग (१९२४–२००१) यांनी दोन्ही धारा एकत्र आणल्या, आणि छिद्रांच्या स्थानांचे गणित मांडण्याचेही परिश्रम घेतले.

त्या गणिताने छिद्र कोठे पाडावे हे ठरते. दिमो मात्र आजही हातानेच बसवावा लागतो. त्याची पाकिटे आता बाजारात मिळतात, तरी मंचावर जाण्यापूर्वी वादक बोट ओले करतो, चुण्या सारख्या करतो, दोन सूर फुंकून पाहतो आणि मन न भरल्यास पापुद्रा काढून नवा लावतो.