लॅपटॉपला कर्ज देताना नुसतं नाव नको, वॅटही विचारा



गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत कर्जाची एक वेगळीच मागणी आली. शेळीसाठी मागणी आली तर काय विचारायचं ते आम्हाला ठाऊक असतं. शेळी उस्मानाबादी असली तरी आम्ही तिचे दात पाहतो, कास पाहतो. ही मागणी मात्र लॅपटॉपची होती. एका ताईंची लेक अॅनिमेशन शिकते. तिनं चिठ्ठीवर दोन लॅपटॉप लिहून दिले होते. दोन्हीच्या किमतीत १५ हजारांचा फरक, आणि तो फरक होता ग्राफिक्स कार्डाचा. एकात आरटीएक्स ३०५०, दुसऱ्यात आरटीएक्स ४०५०.

"गेम खेळायला पाहिजे असेल," कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसलो. पोरीची आई मात्र मान खाली घालून गप्प बसली. ते आम्हाला नंतर फार लागलं. जे आपल्याला कळत नाही, ते फालतूच असणार असं आम्ही धरून चाललो होतो. म्हणून मागणी पुढच्या बैठकीवर ठेवली आणि आधी माहिती घेतली. तीच आज तुम्हाला सांगतो.

लॅपटॉपमध्ये एक मुख्य प्रोसेसर असतो. तो म्हणजे सगळा स्वयंपाक येणारी सुगरण. पण उन्हाळ्यात पापड करायचे असतात तेव्हा एकटी सुगरण पुरत नाही, पोळपाट घेऊन बसलेल्या खूप बायका लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ह्या बायका. चित्राचे लाखो ठिपके ते एकाच वेळी वाटून घेतं आणि रंगवतं.

आता ही दोन कार्डं पाहू. दोन्ही एनव्हिडिया कंपनीची. लॅपटॉपमधलं ३०५० आलं २०२१ साली, ४०५० आलं २०२३ साली. ३०५० मध्ये काम करणारे छोटे कोअर २०४८, तर ४०५० मध्ये २५६०. म्हणजे पापड लाटणारे हात चौथ्या हिश्श्यानं जास्त. शिवाय ४०५० नव्या पद्धतीनं बनवलेलं असल्यामुळे तेवढ्याच विजेत जास्त काम करतं.

दुसरी गोष्ट कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची. ३०५० मध्ये ती सहसा ४ जीबी असते, ४०५० मध्ये ६ जीबी. मेमरी म्हणजे पापड वाळत घालायची जागा. हात कितीही असले तरी जागा भरली की काम अडतं. अॅनिमेशनचा मोठा प्रसंग ४ जीबीत मावला नाही, तर लॅपटॉप रखडतो, कधी काम मधेच बंद पडतं. आणि लॅपटॉपमधलं कार्ड मागाहून बदलता येत नाही. जे घ्यायचं ते पहिल्याच वेळी. एक लक्षात ठेवा, ३०५० ह्याच नावानं ६ जीबीचं कार्डही मिळतं. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, जीबी विचारा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानात ती कुणी आपण होऊन सांगत नाही. ती म्हणजे वॅट. बोअरची मोटार ५ एचपीची असली तरी व्होल्टेज कमी असलं की पाणी बारीक येतं, हे आपण रोज बघतो. कार्डाचंही तसंच. ४०५० ला लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॅट देते की ११५ वॅट, हे त्या त्या लॅपटॉपवर ठरतं. ३०५० ला ३५ ते ८० वॅट. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये उष्णता बाहेर टाकायला जागा कमी, म्हणून वॅटही कमी. कमी वॅटचं ४०५० आणि पूर्ण वॅटचं ३०५० शेजारी ठेवलं, तर फरक बराच कमी होतो. पैसे मात्र जास्त गेलेले असतात.

लाइट गेल्यावर हेच कार्ड बॅटरीवर हळू चालतं. म्हणून आपल्याकडे भारनियमनाची वेळ बघूनच मोठं काम लावावं.

मग महाग तेच घ्यायचं का? नाही. आमच्या गटात व्याज महिन्याला शेकडा २ रुपये. १५ हजार जास्त घेतले तर सुरुवातीला महिन्याला ३०० रुपये व्याजच वाढतं. म्हणून काम काय आहे ते आधी विचारा. गटाचा हिशेब, ऑनलाइन अर्ज, व्हिडिओ कॉल, कॉलेजचं लिहिणं, ह्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. प्रोसेसरसोबत येतं तेवढं पुरतं. आम्हीच एकदा ह्यात फसलो. हिशेबासाठी एका दुकानदारानं कार्डवाला महाग लॅपटॉप आमच्या गळ्यात मारला. ते कार्ड आजही रिकामं बसून आहे.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी करा. कार्डाचे जीबी आणि जास्तीत जास्त वॅट कागदावर लिहून मागा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जाऊन मेमरी स्वतः बघा. आणि लेकीला तिची कॉलेजची फाइल पेनड्राइव्हवर न्यायला सांगा. ब्लेंडर हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तीच फाइल दोन्ही लॅपटॉपवर चार्जर लावून चालवायची आणि मोबाइलवर वेळ मोजायची.

त्या मुलीनं तसंच केलं. तिची फाइल ४ जीबीत अडली, ६ जीबीत पूर्ण झाली. पुढच्या बैठकीत तिच्या आईनं स्वतः उभं राहून दोन्ही लॅपटॉपचे जीबी, वॅट आणि लागलेली मिनिटं वाचून दाखवली. ह्या वेळी कुणी हसलं नाही. ४०५० साठी कर्ज मंजूर झालं, हप्ते ठरले, बिल आणि वॉरंटीच्या कागदाची प्रत गटाच्या फाइलला लावली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात अशी मागणी आली, तर हसण्याआधी विचारा. काम काय, जीबी किती, वॅट किती. शेळीला जसे प्रश्न विचारतो, तसेच लॅपटॉपलाही विचारायचे.