घराच्या अंगातली कणकण

वैशाख तापलाय, घरोघरी कूलर लागलेत, आणि पाण्याचं बिल हातात पडलं की नागपुरात एकच वाक्य ऐकू येतं, "कूलर पितो ना पाणी!" आज मला या वाक्याशीच भांडायचंय. कारण दोन वर्षांपूर्वी मीही तेच म्हणून स्वस्थ बसले होते.

मार्चचं बिल १७ युनिटांचं होतं, मेचं आलं २८ चं. युनिट म्हणजे १,००० लिटर, हे तुम्हाला माहीतच आहे. आधी मी कूलरवर खापर फोडलं, मग मीटरवर. बिल घेऊन तावातावाने कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ताई, रात्रीचा आकडा घेतला का?"

घेतला नव्हता. घरी येऊन पहिल्यांदा कूलर मोजला. दिवसाला पाच बादल्या, म्हणजे ७५ लिटर. महिन्याची सव्वादोन युनिटं झाली. वाढली होती ११. मग उरलेली जवळजवळ नऊ युनिटं कुठे गेली? दिवसाला ३०० लिटर, वीस बादल्या! आणि घरात नळ कोरडे, भिंती कोरड्या, कुठे ओल नाही.

लेकराला १०३ ताप चढला की सगळं घर जागं होतं. पाइप फुटला की तसंच होतं, धावपळ होते, प्लंबर येतो. पण कणकण असली तर? पोर जेवतं, शाळेत जातं, अंगणात खेळतं. मात्र महिन्याभरात कपडे ढगळ व्हायला लागतात. ही कणकण आईला कधी कळते? पोर झोपल्यावर, कपाळावर हात ठेवला की. धावून आलेल्या पोराचा ताप कोणी बघत नाही. घरही दिवसभर धावतच असतं. आंघोळी, धुणी, भांडी. तेव्हा मीटर फिरणारच. म्हणून रात्रीचा आकडा. घर झोपलेलं असतानाचा आकडा.

आता नीट ऐका, कारण इथेच चूक होते. तुमच्या गच्चीवर टाकी असेल, तर नुसतं मीटर बघून भागत नाही. टाकी भरत असेल तर मीटर फिरतं, भरली की थांबतं. त्यावरून घरातली गळती कळायची नाही. तेव्हा तपासण्या दोन कराव्या लागतात. एक टाकीच्या अलीकडची, एक पलीकडची.

अलीकडची अशी. टाकीत येणारा कॉक घट्ट बंद करा, थेट लाइनीवरचे नळ बंद करा आणि मीटरचा आकडा लिहा. काळे आकडे तर लिहाच, पण लाल आकडेही लिहा. काळे युनिटं दाखवतात, लाल लिटरांपर्यंत जातात, आणि कणकण लालमध्येच दिसते. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. आकडा हलला, तर मीटर ते टाकी या पाइपात कुठेतरी गळतंय. ज्यांच्याकडे नळ दिवसातून तास-दोन तासच येतात, त्यांनी हे नळ आलेले असतानाच करायचं. लाइनीत पाणीच नसेल तर मीटर काय सांगणार?

पलीकडची तपासणी काठीने. रात्री सगळे झोपायच्या वेळी, येणारा कॉक बंद ठेवूनच टाकीत काठी उभी धरा, ओल कुठवर आली तिथे खूण करा. पहाटे कोणी नळ सोडायच्या आत पुन्हा बघा. आमच्या हजार लिटरच्या टाकीत सात तासांत पाणी जवळजवळ चार इंच उतरलं होतं. घरात कोणी उठलंसुद्धा नव्हतं.

चोर सापडला फ्लशच्या टाकीत. खालचं रबर कडक होऊन वाकडं बसलं होतं, आणि भांड्याच्या मागच्या बाजूने पाण्याचा पातळ पापुद्रा उतरत होता. पांढऱ्यावर पाणी, ना थेंब ना आवाज. वीस बादल्या म्हटलं की दचकायला होतं, पण मिनिटाला जेमतेम पेलाभर होतं ते. तुम्हीही बघा. फ्लशच्या टाकीत कपड्याची नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यात निळी रेघ उतरली की रबर बदलायला घ्या. रबर चांगलं असेल, तर आतल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी चढतंय का बघा. ते इंचभर खाली राहायला हवं. राहत नसेल तर बॉलकॉक खाली घ्या.

माझ्या वर्ध्याच्या मावसबहिणीचं निराळं. तिच्या कुंपणाकाठी भर मे महिन्यात टीचभर जागेत हरळी हिरवीगार. सगळं अंगण करपलेलं, आणि तेवढीच हिरवी. ती कौतुकाने दाखवत होती! खाली जुन्या लोखंडी पाइपाचा सॉकेट गंजला होता. अशी एकटीच हिरवी जागा दिसली तर कौतुक करू नका, खणून बघा.

पोरांचे मार्क, गाडीचं अ‍ॅव्हरेज, दुधाचे रतीब, सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. मीटरचा आकडा विचारला की मात्र बिल शोधायला धावतो. बिल म्हणजे महिनाभर अंगावर काढलेला ताप. दुधाच्या खाड्यांशेजारी त्याच कॅलेंडरवर आठवड्यातून एकदा आकडा लिहा ना! लाल आकड्यांसकट. पुन्हा सांगते, लाल आकड्यांसकट.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट राहिलीच. जमिनीतला पाइप जिथून गळतो, तिथूनच नळ गेल्यावर आजूबाजूचं गढूळ पाणी आत ओढलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी नळ आले की पहिल्या धारेबरोबर आपल्या हंड्यात येतं. जवळून गटार जात असेल तर... स्टुडिओच्या काचेपलीकडून खूण झाली आहे, थांबायला हवं. एवढंच लक्षात ठेवा, टाकीत घालायची ती काठी स्वच्छ धुतलेली असू द्या, टाकीतलंच पाणी आपण पितो.