तीस वर्षं गप्प बसलेली गाणी



एखादा विसरलेला कलावंत पुन्हा सापडला की आपल्याला बरं वाटतं. उशिरा का होईना न्याय झाला, असं म्हणून आपण मोकळे होतो. व्हॅश्टी बनियन या इंग्लिश गायिकेच्या पहिल्या अल्बमची हकिकत नेहमी याच सुरात सांगितली जाते. मला तो सूर पटत नाही.

१९४५चा तिचा जन्म. ऑक्सफर्डला रस्किन कलाशाळेत ती चित्रकला शिकायला गेली. तिथे चित्रं मागे पडून गाणीच जास्त होऊ लागली, तेव्हा शाळेने तिला घरी पाठवलं. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सचा मॅनेजर अँड्र्यू ओल्डम याने जॅगर-रिचर्ड्सचं एक गाणं तिच्याकडून गाऊन घेतलं. डेका कंपनीची ती तबकडी चालली नाही. तिला तेव्हा पॉप गायिका व्हायचं होतं, हे ध्यानात ठेवा.

१९६८मध्ये तिने लंडनकडे पाठ फिरवली. डोनोव्हन हा गायक स्कॉटलंडच्या स्काय बेटाकडे कलावंतांची वस्ती उभारतो आहे, असं कानावर आलं होतं. जोडीदार, एक कुत्रा आणि बेस नावाची घोडी जुंपलेली गाडी घेऊन ही मंडळी उत्तरेला निघाली. प्रवास दीड वर्षाच्या आसपास चालला. पोहोचेपर्यंत डोनोव्हन तिथून गेलेलाही होता! पण वाटेत गाणी झाली. घोडीला चुचकारणारी, नांगरटीची, काजव्यांची, नदीची. निसर्गाचं कौतुक करायला सहलीला आलेल्या माणसाची ही गाणी नव्हेत. संध्याकाळी घोडी कुठे बांधायची, याची रोजची चिंता असलेल्या बाईची आहेत, आणि म्हणून त्यांतला गोडवा मला खोटा वाटत नाही.

प्रवास चालू असतानाच निर्माता जो बॉइडने ही गाणी ऐकली आणि अल्बम करायचं ठरवलं. १९६९च्या अखेरीस लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. निक ड्रेक या गायकासाठी वाद्यरचना करणाऱ्या रॉबर्ट कर्बीने तीन गाण्यांना साज चढवला. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडमधले डेव्ह स्वॉरब्रिक आणि सायमन निकोल आले, इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँडचा रॉबिन विल्यमसन आला. फिडल, मेंडोलिन, बँजो असा सगळा लोकसंगीताचा सरंजाम! या साजामुळेच अल्बमवर 'फोक'चा शिक्का बसला. आपण लोकगायिका नाही, असं ती पुढे अनेकदा म्हणाली आहे. मला तिचं म्हणणं रास्त वाटतं. बहुतेक शब्द आणि चाली तिच्याच. लोकपरंपरेचं देणं वादकांनी आणलेलं. तरीही कर्बीची ती तीन गाणी मला सर्वांत जमलेली वाटतात, कारण तिच्या कुजबुजत्या आवाजाला तिथे पुरेशी मोकळी जागा मिळते.

'जस्ट अनदर डायमंड डे' हा तो अल्बम बाजारात आला १९७०च्या डिसेंबरात, म्हणजे ध्वनिमुद्रणानंतर वर्षभराने. फिलिप्सने काढला, पण लोकांपर्यंत पोहोचवायला कोणी नव्हतं. बॉइड अमेरिकेत नोकरीला निघाला होता. तिच्या पदरात तान्हं मूल होतं. अल्बम घेऊन गावोगाव कार्यक्रम करणं झालं नाही. जेमतेम काही शे प्रती खपल्या.

लोकांनी अल्बम नाकारला, असं आपण म्हणतो. पण नाकारायला आधी तो हाती पडावा लागतो. दुर्दैव असं, की तिने तो कमी खप आपल्या गाण्यांवरचाच निकाल मानला आणि गिटार खाली ठेवली. मुलं वाढवली, आयर्लंड-स्कॉटलंडात शेतावर दिवस काढले. स्वतःच्या मुलांसाठीसुद्धा ती गायली नाही.

२०००मध्ये तो अल्बम सीडीवर पुन्हा निघाला. डेवेंद्र बॅनहार्ट, जोआना न्यूसम अशी तिच्या मुलांच्या वयाची गायक मंडळी तिला मानू लागली. २००५मध्ये मॅक्स रिक्टरच्या निर्मितीत 'लुकआफ्टरिंग' हा दुसरा अल्बम आला, आणि २०१४मध्ये 'हार्टलीप'. दोन्ही उत्तम. पण पहिल्या आणि दुसऱ्या अल्बममध्ये पस्तीस वर्षांचं अंतर आहे. त्या काळात जी गाणी झालीच नाहीत, ती कुठलाही संग्राहक शोधून काढू शकणार नाही. याला मी न्याय म्हणायला तयार नाही.

आज १९७०च्या मूळ तबकडीला हजार पौंडांच्या वर भाव येतो. त्या पैशातला एक पेनीही गायिकेकडे जात नाही. तेव्हा, मंडळी, ऐकावंसं वाटलं तर पुनर्मुद्रित प्रत विकत घ्या. आणि तुमच्या गावात कुणाचा पहिला अल्बम निघाला असेल, तर तो याच वर्षी ऐका.