परदेशी शिक्षणाचा अर्ज आणि हक्कसोडपत्र



परदेशी विद्यापीठांत अर्ज करणाऱ्यांविषयी बोलायचं म्हटलं की आधी मोठे आकडे येतात. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत भारतातले ३ लाख ३१ हजारांवर विद्यार्थी होते, चीनपेक्षाही जास्त. मग दारं किलकिली होऊ लागली. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने एम.ए., एम.एस्सी.ला येणाऱ्या बहुतेकांना जोडीदार आणायला बंदी केली. त्याच महिन्यात कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा जाहीर केली. या बातम्या वाचताना विद्यार्थी म्हणजे ‘तो’ असंच धरलेलं दिसतं.

‘ती’ जाते तेव्हा जोडीदाराचा नियम वेगळाच अर्थ घेऊन येतो. पंजाबात ‘आयएल्ट्स पास वधू हवी’ अशा जाहिराती निघाल्या. फी सासर भरणार, तिच्या व्हिसावर नवरा जाणार. आपल्याकडे इतकं उघड नसतं. ‘लग्न करून दोघं जा’ एवढंच म्हणतात.

पण मला जास्त काळजी वाटते ती कर्जाची. साडेसात लाखांच्या पुढे बँक सहसा तारण मागते. (निवडक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका तारण मागत नाहीत, ती यादी जरूर विचारा.) तारण म्हणजे घर, आणि घर वडिलांच्या नावावर. मग भाऊ म्हणतो, “तुझ्यासाठी घर गहाण टाकतोय, तू हक्कसोडपत्रावर सही कर.” त्याच्या इंजिनिअरिंगच्या डोनेशनसाठी शेत विकलं तेव्हा त्याच्याकडून अशी सही कुणी मागितली होती का?

हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला, तोही त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो विवाहितांनाही मिळाला. शिवाय कर्जाचे हप्ते शेवटी मुलगीच फेडते. बँकेला हक्कसोडपत्र लागत नाही. मिळकत सामायिक असेल तर फार तर हिस्सेदारांची संमती लागते. संमती देणं वेगळं, हक्क सोडणं वेगळं. घरातली माणसं हे दोन कागद एकच म्हणून पुढे करतात, कधी अज्ञानाने, कधी जाणूनबुजून.

अनुसूचित जातीच्या मुलींनी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आधी पाहावी. तिच्यात ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत आणि घर गहाण पडत नाही.

कर्जच घ्यावं लागलं, तर सही करण्याआधी कागद वकील मैत्रिणीला दाखवा. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली की तो फिरवायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तोवर मुलगी सातासमुद्रापार असते.