गळकी तोटी आणि आपला हात

आज आम्ही बोलणार आहोत सैपाकघरातल्या गळक्या नळाबद्दल. माण-खटावात, जत-आटपाडीत ज्यांनी टँकरची वाट बघितली, त्यांना पाण्याचं मोल सांगायला नको. आता नळ घरात आला. पण तो गळायला लागला की आपण म्हणतो, "प्लंबर येईल तेव्हा येईल." तो तालुक्याहून येणार, आपण कामावर असताना येणार, आणि छोट्याशा रबरासाठी येण्याजाण्याचं पेट्रोल धरून पैसे मागणार. तोवर खाली बादली लावायची आणि दिवस ढकलायचे.

आधी गळती मोजू या. नळाखाली तासभर तांब्या ठेवा. तासात एक लिटर जमलं, तर दिवसाला 24 लिटर आणि महिन्याला 720 लिटर होतं. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. म्हणजे एका माणसाचं तेरा दिवसांचं पाणी मोरीत गेलं! 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते आठवत असेल. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं. सातशे घरांच्या गावात घरटी एक नळ असा गळला, तर महिन्यात तेवढंच पाणी वाया जातं.

आता दुरुस्ती. संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्ध्या तासात होण्यासारखी आहे. सरकता पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप आणि जुनं फडकं एवढं जवळ घ्या.

पहिलं काम, टाकीचा कॉक बंद करा. नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाका. दोन भांडी पाणी आधीच भरून ठेवा, म्हणजे सैपाक अडणार नाही. सिंकच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर स्क्रू आत पडतो.

साध्या फिरकीच्या नळाची मूठ काढली की खाली पितळी नट दिसतो. एका हाताने नळ घट्ट धरा, म्हणजे भिंतीतला पाइप फिरणार नाही. दुसऱ्या हाताने पाना डावीकडे फिरवा. नट सुटला की आतला दांडा बाहेर येतो. त्याच्या टोकाला जे रबर असतं, तेच वॉशर, आपल्या भाषेत वायसर. ते झिजलं, चिरलं की नळ गळतो. जुनं वायसर दुकानात घेऊन जा आणि तंतोतंत त्याच मापाचं आणा. मग काढलं त्याच्या उलट क्रमाने सगळं बसवा. अर्ध्या फिरकीत उघडणाऱ्या नळात मात्र असं वायसर नसतं. त्याचा आतला भागच बदलावा लागतो. तोही जुना दाखवूनच आणायचा.

नळ भिंतीजवळच्या आट्यातून गळत असेल तर तो काढून आटे पुसा. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेपचे सात-आठ वेढे घाला. उलटे घातले तर नळ बसवताना टेप गोळा होते. प्लॅस्टिकच्या आट्यांवर जोर करू नका, ते तडकतात.

सिंक तुंबलं तर ॲसिड ओतू नका. खाली बादली ठेवा, बाटलीसारखा भाग हाताने सोडवा, घाण काढा, धुवा आणि परत बसवा. त्यात थोडं पाणी राहतं ते राहू द्या. त्यानेच गटाराचा वास आणि झुरळं अडतात. बोअरच्या क्षारांनी नळाच्या तोंडाची जाळी बसली असेल, तर ती रात्रभर लिंबाच्या रसात भिजवा.

काही कामं मात्र आपली नव्हेत. भिंतीतला पाइप, विजेची मोटर आणि रस्त्यावरची लाइन यांना हात लावू नका. रस्त्यावरची गळती दिसली की लगेच ग्रामपंचायतीला कळवा. पाणी बंद असताना त्याच भोकातून गटाराचं पाणी लाइनमध्ये शिरतं आणि घराघरांत जुलाब होतात. तक्रार लेखी द्या, ग्रामसभेत मांडा.

"हे बायांचं काम नव्हे," असं कुणी म्हणेलच. म्हसवडला बायांनी स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा अर्जदार बायांना लिहितावाचता येत नाही म्हणून परवाना नाकारला गेला होता. त्या दिवसभर राबून संध्याकाळी वर्गाला बसल्या, लिहायला शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्यांनी अक्षरं गिरवली, तर आपल्याला पाना फिरवणं अवघड नाही.

येत्या बैठकीत एवढं करा. गटाच्या पैशातून एकच हत्यारांचा संच घ्या आणि आळीपाळीने वापरा. एकीच्या घरचा नळ सगळ्यांनी मिळून खोला. पहिलीला तास लागेल, तिसरीला पंधरा मिनिटं. एकटी बाई, म्हातारी सासू, बाळंतीण यांच्या घरचे नळ आधी धरा. आणि तासभर तांब्या ठेवून मोजलेलं पाणी वहीत लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात ते किती कमी झालं, ते आम्हाला जरूर कळवा.